कूळ विचारता, वागणे का नाही?

अकोल्यात कुठे मोठा मंडप पडला की त्याच्या आगेमागे एक वाक्य हमखास फिरू लागते : "संतांची परीक्षा घेणारे आपण कोण?" टॉवर चौकातल्या टपरीपासून जठारपेठेतल्या दिवाणखान्यापर्यंत ते ऐकू येते आणि ऐकणारे मान डोलावून गप्प होतात. महाराज सांगतात, पैसा मातीसमान. आणि मंडपात पुढे सोफे, त्यामागे खुर्च्या, त्यामागे सतरंज्या आणि दोरीपलीकडे वैशाखाच्या उन्हात पोळलेली जमीन, अशी देणगीच्या आकड्याबरहुकूम बैठक असते. महाराज सांगतात, सगळे जीव समान. दर्शनाच्या रांगा मात्र दोन, एक पासवाल्यांची आणि एक बिनपासवाल्यांची. हे कोणी बोलून दाखवले की शेजारचा लगेच दटावतो, "आपल्याले काय करा लागते गा? चांगलं तेवढं घ्यावं अन् घरी जावं." वर एक म्हण तोंडावर फेकतो : नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये.

या शहाणपणाचा मला वीट आला आहे. ते नम्रतेचे सोंग घेऊन येते, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. आज लावू या.

आधी त्यांचे म्हणणे नीट मांडतो, म्हणजे सोयीचे तेवढे उचलले अशी तक्रार नको. ते म्हणतात, एक : आपली पात्रता नाही, ज्याला स्वतःला काही साधलेले नाही त्याने साधलेल्याला मोजू नये. दोन : शिकवण घ्यावी, शिकवणाऱ्याकडे बघू नये. तीन : थोरांचे वागणे ही लीला असते, ती आपल्या नियमात बसत नाही. चार : त्यांचे काम बघा, दवाखाने, शाळा, अन्नछत्रे. पाच : शेवटी तेही माणूसच आहेत, चुकणारच. सहा : हे प्रश्न तुम्हाला फक्त आमच्याच धर्माच्या बाबतीत कसे सुचतात?

सहाही कारणे ओळीने ठेवली की गंमत दिसते. तिसऱ्या कारणात महाराज देव असतात आणि पाचव्यात माणूस. पैशाचा प्रश्न निघाला की ते मायेच्या पलीकडे, कोर्टाची तारीख पडली की ते वयोवृद्ध, आजारी गृहस्थ. एकाच माणसाला सोयीप्रमाणे गाभाऱ्यातून ओसरीवर आणि ओसरीवरून गाभाऱ्यात हलवत राहायचे, आणि विचारणाऱ्यालाच वर उद्धट ठरवायचे! हा कुठला न्याय?

म्हणीपासूनच सुरुवात करू. ऋषीचे कूळ विचारू नये, हे अगदी मान्य. आपण ते पाळतो का? वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि कोणत्या संताच्या जयंतीची मिरवणूक कोणत्या समाजाची, हे शेंबड्या पोराला विचारा. तो न चुकता सांगेल. बॅनरवर संताच्या फोटोखाली समाजाचे नाव, त्याखाली समाजाच्या पुढाऱ्यांचे फोटो. जे विचारू नये म्हणून म्हण सांगते, ते आपण रोज विचारतो, चौकात लिहून ठेवतो, त्यावर निवडणुकीची गणिते मांडतो. आणि ज्याच्याबद्दल म्हण चकार शब्द काढत नाही, ते वागणे मात्र तिच्याच नावाने झाकून टाकतो. म्हणीचा इतका सोयीचा वापर क्वचितच कोणी केला असेल.

आता पात्रता. हा वऱ्हाड आहे. इथला माणूस कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस ओढून बघतो, धागा ताणतो, कवडी किती आणि ओल किती याचा अंदाज घेतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की कापूस महामंडळाचा (सीसीआयचा) ग्रेडर गाडी परत पाठवतो आणि वर कितीही पांढरा थर असला तरी ऐकत नाही. कापूस पारखायला स्वतः बोंड व्हावे लागत नाही. मग ज्याच्या हाती आपण आपले मन, आपली मिळकत आणि पुष्कळदा आपली लेकरे देतो, त्याला पारखताना एकाएकी आपली पात्रता कुठे जाते?

आणि गुरू निवडायला, त्याच्या नावाचा जयजयकार करायला, शेजाऱ्याला ओढून नेऊन त्याच्या पायावर घालायला आपली पात्रता पुरते ना? 'हा खरा संत' हा निकाल द्यायला आपण लायक, आणि 'हा खरा नाही' म्हणायला मात्र नालायक, असे कसे चालेल? निकाल तर तुम्ही आधीच दिलेला आहे, फक्त पुरावा न बघता.

परंपरेच्या नावाने गप्प बसवणाऱ्यांनी ती परंपरा एकदा उघडून बघावी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची नुसती व्याख्या विचारून थांबत नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, वावरतो कसा, हे विचारतो. त्याला वागणे बघायचे आहे. श्रीकृष्ण त्याला 'तू कोण विचारणारा' म्हणत नाही, अध्याय संपेपर्यंत उत्तर देतो. दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा समास आहे आणि त्याच्यानंतर शिष्यलक्षणाचा. क्रम लक्षात घ्या, आधी गुरूची तपासणी, मग शिष्याची. जे गुरू शिष्याला साधनेला लावत नाहीत, ज्यांच्याकडे इंद्रियांना आवर घालण्याची भाषा नाही, ते कवडीमोलाने मिळाले तरी टाकावेत, असा समर्थांचा रोखठोक निकाल आहे. तुकोबांनी तर पाया पडण्यालाच अट घातली : बोलणे आणि चालणे जुळले पाहिजे. ही अट सबंध महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. सत्काराच्या मानपत्रात ती छापतात, शाळेच्या भिंतीवर रंगवतात. फक्त लावून बघायची म्हटले की ती उद्धटपणा ठरते.

दुसरे कारण जास्त चकचकीत आहे. "शिकवण घ्या, माणूस सोडा." ऐकायला किती उदार! पण हे म्हणणाऱ्यांपैकी माणूस सोडला कोणी? केवळ शिकवणच हवी असेल तर ज्ञानेश्वरी घराघरांत आहे, गाथा आहे, ग्रामगीता आहे. त्यासाठी पाद्यपूजेची पावती लागत नाही. गाडीच्या काचेवर फोटो कोणाचा चिकटवला आहे, शिकवणीचा? पादुका कोणाच्या डोक्यावर घेतल्या, उपदेशाच्या? पायाचे तीर्थ घेताना माणूस हवा आणि हिशेब विचारताना 'माणूस सोडा'! तुम्ही त्याला सोडलेले नाही, तर आम्ही का सोडावे?

शिवाय गुरू जे विकतो, माफ करा, देतो, ती नुसती माहिती नसते. 'या वाटेने गेले की लोभ सुटतो, भय जाते, अहंकार गळतो' असा त्याचा दावा असतो. या दाव्याला प्रयोगशाळा नाही आणि साक्षीदारही एकच आहे : चाळीस वर्षे त्या वाटेने चाललेला तो स्वतः. त्याचा लोभ सुटला नसेल तर एक तर तो वाटेवर नाही, किंवा वाट तिथे जात नाही. दोन्ही गोष्टी शिष्याला कळायला नकोत?

आणि माणूस व शिकवण वेगळी करता येत नाही, हे अकोला-अमरावतीच्या लोकांना तरी सांगायला नको. १८७६ साली शेंडगावात परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढला. बाप दारूपायी गेलेला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचे, हे ठरलेलेच होते. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद चिडले, पंगतीत कुरबूर झाली, पण त्याने ऐकले नाही. तेव्हा तो कोणाचा बाबा नव्हता, त्याला ऐकायला कोणी जमत नव्हते. पुढे गाडगेबाबा झालेल्या या डेबूजीने १९०५ साली घर सोडले आणि दारूविरुद्ध, पशुहत्येविरुद्ध, कर्ज काढून सण करण्याविरुद्ध गावोगाव कीर्तने केली. पण पहिले कीर्तन त्याने स्वतःच्या अंगणात, आपल्याच भावकीपुढे वागून केले होते. गाडगेबाबा गावात शिरायचे ते खराटा हातात घेऊन, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री लोकांच्या मनातली घाण काढायला उभे राहायचे. हा क्रम उलटा करून बघा : रात्री कीर्तन, दिवसा एसी गाडी. शब्द तेच राहतील. उरेल का काही त्यात?

बाबांची कीर्तने म्हणजे तरी काय होते? अस्सल वऱ्हाडीत लोकांची उलटतपासणी! एक प्रश्न टाकायचा, हजारोंच्या तोंडून उत्तर काढून घ्यायचे, त्या उत्तराला धरून दुसरा प्रश्न टाकायचा, आणि चार प्रश्नांत माणूस आपल्याच कबुलीत अडकायचा. प्रश्न विचारणे हीच ज्याची उपासना, त्याच्या मुलखात आज प्रश्न विचारणे पाप ठरावे? पाया पडायला कोणी वाकला तर ते काठी उगारत, मी कोणाचा गुरू नाही म्हणत, कीर्तन संपले की गर्दीला हाती लागत नसत. त्यांना माणसाच्या पायाशी लोळणाऱ्या माणसाची भीती वाटत असे. आपल्याला मात्र न लोळणाऱ्याची वाटते.

तिसरे कारण लीलेचे. हे सांगणारे बहुधा भागवत सप्ताहाला सातही दिवस हजर असतात, पण दशम स्कंध ऐकताना डुलकी लागत असावी. रासपंचाध्यायीत खुद्द परीक्षित राजा शुकाचार्यांना अडवून विचारतो की, धर्म स्थापन करायला जो आला त्यानेच असे कसे वागावे? विचारणारा नास्तिक नाही. सात दिवसांत मरण ठरलेला, कथा ऐकायला बसलेला भक्त आहे. ज्याच्याविषयी विचारतो तो साक्षात श्रीकृष्ण आहे. तरी कोणी परीक्षिताला मंडपाबाहेर काढले नाही. शुकांनी उत्तर दिले, आणि त्या उत्तरात ईश्वराला जी सवलत आहे ती इतरांनी मनातसुद्धा घेऊ नये, असे बजावले. शंकराने विष पचवले म्हणून तुम्ही प्यायलात तर मराल, हा त्याचा रोख. म्हणजे लीलेची सवलत व्यासपीठावर बसणाऱ्याला आहे असे भागवत कुठेही म्हणत नाही. देवाला विचारलेला प्रश्न ग्रंथात आहे, पण देवाची कथा सांगून मानधन घेणाऱ्याला विचारायचा नाही, असा हा नवा धर्म आहे.

चौथे, काम. "अहो, किती मोठे काम उभे केले आहे!" केले असेल, पण कोणाच्या पैशाने? लोकांच्याच ना? मग लोकांनीच हिशेब विचारला तर उपकार कोणावर? ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करणे हा कायदा आहे, श्रद्धेचा अपमान नव्हे. आणि मोठे काम करायचे तर थोडे इकडेतिकडे व्हायचेच, हे तर अकोल्यात कोणी बोलूच नये. शेगाव इथून तासाभरावर आहे. गजानन महाराजांचे संस्थान दवाखाने चालवते, १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालवते, लाखो लोक शिस्तीत जेवून जातात. तिथले व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. संस्थानाचा चहासुद्धा ते घेत नसत, असे शेगावात आजही सांगतात, आणि विशेष म्हणजे हे सांगताना कोणालाही लीला, माया यांचा आधार घ्यावा लागत नाही. आणि गाडगेबाबांनी उभारलेल्या इमारती? पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने पोराबाळांच्या नावे काही ठेवले नाही, ट्रस्ट केले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. काम मोठे असले की हात मळतातच, हे म्हणायला वऱ्हाडात जागा शिल्लक नाही.

पाचवे, "माणूसच आहेत, चुकणारच." अगदी खरे. पण चुकण्याबद्दल बोलतो आहे कोण? रागावू नये सांगणारा एखादे दिवशी रागावला, तर त्याला कोणी फासावर द्या म्हणत नाही. 'रागावलो, चुकलो' एवढे म्हणाला तर त्याचा उपदेश उलट खोल जाईल. तक्रार आहे ती ठरवून केलेल्या, झाकून ठेवलेल्या आणि विचारणाऱ्यावर भक्त सोडून जपलेल्या विसंगतीबद्दल. आणि मापही आमचे नाही, त्यांचेच आहे. जो म्हणतो पैसा कमवा, मजेत राहा, त्याच्या बंगल्याचे मजले आम्ही मोजत नाही. जो म्हणतो पैसा विष्ठा आहे, त्याच्या तिजोरीबद्दल विचारतो. स्वतःच्या मापाने मोजले की अन्याय होतो, हे कसे काय?

इथे कोणी मला अडवेल, मग गाडगेबाबांनाही विचारा! विचारायलाच पाहिजे. तिशीच्या आत घर सोडले तेव्हा मागे बायको होती, लेकरे होती, म्हातारी आई होती. जगाचा संसार सावरणाऱ्याने कुंताबाईंच्या संसाराचे काय केले? १९२३ साली खारेपाटणला कीर्तनात मुलगा गेल्याची तार आली आणि कीर्तन थांबले नाही, याचे आपण कौतुक करतो. घरी त्या आईजवळ कोण होते, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. पण तो विचारल्याने बाबा लहान होत नाहीत. त्यांनी घर टाकून दुसरे वैभव उभे केले नाही; जे कुटुंबाला दिले नाही ते स्वतःही घेतले नाही. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, काम केल्याशिवाय भाकरी नाही, आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ रस्त्यातच, गाडीत मरण. प्रश्न विचारूनही जो उभा राहतो त्याला संत म्हणतात. ज्याला प्रश्नापासून वाचवण्यासाठी बाउन्सर लागतात, त्याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा.

सहावे कारण सर्वांत हुकमी, कारण ते काढले की वाद संपून मारामारी सुरू होते : "आमच्याच धर्माच्या मागे का?" अमेरिकेत २००२ साली बोस्टन ग्लोबने तिथल्या कॅथलिक पाद्र्यांची लहान मुलांवरची कृत्ये आणि ती दडपणारे वरिष्ठ उघडे पाडले, त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनच्या कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. तिथेही वर्षानुवर्षे हेच ऐकवले जात होते : बोभाटा करू नका, चर्चची बदनामी होईल. आणि बदनामी कोणी केली? तक्रार करणाऱ्या भाविक आईबापांनी, की झाकणाऱ्यांनी? आपल्या तुकडोजी महाराजांना तरी धर्मद्वेष्टे म्हणता येईल का? त्यांनी ग्रामगीता रचली, तिच्यात 'संत-चमत्कार' असा स्वतंत्र अध्याय घातला आणि चमत्कारावरून संत ओळखण्याच्या खोडीवर बोट ठेवले. घरचा माणूस घर झाडतो, त्याला घराचा शत्रू म्हणत नाहीत.

आणि न विचारण्याची किंमत कोण भरतो? २०१३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, जालना-बीडकडे माणसे टँकरमागे धावत होती. त्या दिवसांत आसारामने नागपुरात आणि नवी मुंबईत टँकरच्या पाण्याने होळी खेळवली. संयमाचे पाठ देणाऱ्याने तहानलेल्या राज्यात पाणी उडवावे, यावर ओरड झाली. भक्तांनी मात्र प्रसाद म्हणून अंग भिजवून घेतले. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्याच गुरुकुलातल्या अल्पवयीन विद्यार्थिनीने तक्रार दिली. आता तरी डोळे उघडावेत? नाही, तेव्हाही लेकरावर शंका आणि बाबावर विश्वास! २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयाने बलात्काराबद्दल जन्मठेप सुनावली. लहान प्रश्न दडपायची सवय लागली की मोठा प्रश्न विचारायची ताकद राहत नाही. पाण्याबद्दल जे गप्प बसले, ते पोरीबद्दल कुठून बोलणार? २०१३ च्या त्याच ऑगस्टमध्ये, २० तारखेला, बाबांना प्रश्न विचारण्यात हयात घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. जादूटोणाविरोधी कायदा अठरा वर्षे रेंगाळला होता, तो त्यानंतर आला. म्हणजे आपल्याकडे विचारणाऱ्याचा जीव जातो तेव्हा कुठे प्रश्नाला कागद मिळतो. आणि तरीही आपण एकमेकांना सांगत असतो : परीक्षा घेणारे आपण कोण?

सांगतो आपण कोण ते. सोयाबीनला भाव नसताना पावती फाडणारे आपण. मंडपात पाणी वाटणारे, चपला सांभाळणारे, उन्हात शेवटच्या रांगेत बसणारे आपण. मुलीला सेवेला, मुलाला गुरुकुलात पाठवणारे आपण. ज्यांच्या गर्दीच्या फोटोवर महाराजांचा पुढचा मंडप ठरतो, ते आपण. परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही तर कोणाला आहे? ज्यांनी सोफ्याच्या जागा घेतल्या त्यांना?

तेव्हा विचारा. पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, विचारा. घरच्यांच्या नावे काय आहे, विचारा. दर्शनाच्या रांगा दोन का, विचारा. बायाबापड्यांना एकट्याने भेटायला का बोलावतात, हे तर सगळ्यांत आधी विचारा. जो खरा असेल तो परीक्षिताच्या शुकांसारखा तुमच्याजवळ बसून तुमची शंका ऐकेल आणि उत्तर देईल. जो चिडेल, शाप देईल, अंगावर भक्त सोडेल, त्यानेही उत्तरच दिले असे समजा आणि घरची वाट धरा. डोके आपले, ते कोणाच्या पायावर ठेवायचे ते आपण ठरवणार. आणि ठेवण्याआधी ते पाय कुठून कुठे चालत आले, हे डोळे उघडे ठेवून बघणार. यात अश्रद्धा कसलीच नाही. न बघता ठेवलेल्या डोक्याला श्रद्धा म्हणण्याची चैन मात्र या मुलखाला यापुढे परवडणारी नाही.